पिल्लं किती दिवसांची?

कोंबडीची तब्येत तिच्या विष्ठेवरून कळते, हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. त्याआधीची अठरा वर्षं मी ज्या घरात वाढलो, त्या घराच्या परड्यात कायम कोंबड्या होत्या. पण कोंबड्या आईच्या. माझं काम अभ्यास करायचा. संध्याकाळी कोंबड्या झाकायच्या राहिल्या, तरी आई मला उठवायची नाही. ‘तू लिही,’ म्हणायची, आणि स्वतः जायची.

आमचं गाव पाटण तालुक्यात, मोरणेच्या खोऱ्यात. या भागातल्या बऱ्याच घरांतला एक तरी माणूस मुंबईला माथाडी आहे. आमच्याकडे वडील आहेत. वाशीच्या मार्केटात ते पोती उचलतात आणि गणपतीला, शिमग्याला घरी येतात. मी कराडला इंजिनिअरिंग केलं आणि २०१८पासून पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. गावात आई एकटी असते. भाताची दोन खाचरं, एक म्हैस आणि कोंबड्या. म्हशीच्या दुधाचे पैसे डेअरीच्या खात्यावर जातात, त्यांचा हिशेब वडिलांना माहीत असतो. अंड्यांचे पैसे फक्त आईचे. गावठी अंडं दहा-बारा रुपयांना जातं, यात्रेच्या आधी कोंबड्याला चांगला भाव मिळतो. कराडच्या वसतिगृहाची अनामत भरायची होती, तेव्हा घरातले दोन कोंबडे आणि तीन तलंगा एकाच आठवड्यात दिसेनाशा झाल्या होत्या. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

२०२४च्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात आई अंगणातल्या शेवाळावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. मी कंपनीकडून घरून काम करायची परवानगी काढली आणि लॅपटॉप घेऊन गावी आलो. म्हैस चुलत्यांनी सांभाळायला घेतली. कोंबड्या माझ्याकडे आल्या.

तेव्हा सात कोंबड्या, दोन कोंबडे आणि नऊ पिल्लं होती. मे महिन्याच्या शेवटी एक खुडूक कोंबडी आईनं तेरा अंड्यांवर बसवली होती. अकरा फुटली. एक पिल्लू घारीनं नेलं, एक मुंगसानं. उरलेली नऊ आईमागून चिवचिवत फिरायची.

जुलैत आमच्याकडे पाऊस कसा असतो, ते कोयनेकडच्या माणसाला सांगायला नको. आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. खुराड्याच्या फळ्यांच्या फटींतून झड आत येत होती. कोंबड्या भिजतायत, पिल्लं कुडकुडतायत, आणि एवढी वर्षं यावर कोणी काही केलेलं नाही, याचा मला रागच आला. ६ जुलैला, शनिवारी, मी पाटणहून निळी ताडपत्री आणली आणि खुराडं चारही बाजूंनी गच्च बांधून काढलं. आत तळाला गोणपाट घातला. आई रोज सकाळी खुराड्यात चुलीतली राख पसरायची. ते मी बंद केलं. राख उडते, घाण दिसते, शिवाय तिचा हात मोडलेला, चूल पेटवतंय कोण? पाण्यासाठी आईनं एक जुनं मातीचं परळ वीतभर उंच दगडावर ठेवलेलं होतं. मी त्याऐवजी मोठी प्लास्टिकची परात खाली जमिनीवर ठेवली, म्हणजे पिल्लांनाही पोचेल.

आई सोप्यात बसून बघत होती. ‘वारं कोंडलंस तू,’ एवढंच म्हणाली.

‘अगं, आत पाणी येत होतं.’

‘पाणी येतं आन् वाळतंबी. आता वाळंल कसं?’

मी हसलो. मला ते उत्तर वाटलं नाही.

पुढच्या शुक्रवारी, १२ जुलैला, सकाळी खुराडं उघडल्यावर मला पहिला जंत दिसला. कोंबडीच्या विष्ठेत शिजलेल्या शेवईसारखा पांढरा, गुळगुळीत, बोटाच्या दोन पेरांएवढा लांब, आणि हलत होता. मला किळस आली आणि, खरं सांगायचं तर, थोडा आनंदही झाला. कारण दोन-तीन दिवस कोंबड्या मला बऱ्या वाटत नव्हत्या. दोघी-तिघींचे तुरे फिके पडलेले, छातीचं हाड हाताला लागत होतं, दाणे खाऊनही वजन नाही, विष्ठा पातळ. अंडी निम्म्यावर आलेली. पिल्लंही पिसं फुगवून, मान आत घेऊन कोपऱ्यात उभी राहायची. आता कारण सापडलं होतं.

त्या रात्री मी कोंबड्यांच्या जंतांवर जेवढं मिळेल तेवढं वाचलं. हा जंत गोलकृमी, शास्त्रीय नाव ॲस्कॅरिडिया गॅली. कोंबडीच्या लहान आतड्यात राहतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, ओल्या उबदार मातीत दोन-तीन आठवड्यांत संसर्ग करण्याजोगी होतात आणि तिथे महिनोन्‌महिने जिवंत राहतात. कोंबडी माती उकरते, दाण्याबरोबर ती अंडी गिळते, आणि फेरा पुन्हा सुरू. कधी गांडुळाच्या पोटातूनही ती जातात. पट्टकृमी वेगळे, ते मुंग्या, किडे, माश्या खाल्ल्यानं होतात. आणखी बारीक केसासारखे जंत असतात ते वेगळे. निरोगी विष्ठा कशी दिसते, तेही वाचलं. घट्ट, तपकिरी, वर पांढरी टोपी. ती पांढरी टोपी म्हणजे कोंबडीचं मूत्र, कारण ती वेगळी लघवी करत नाही. आणि दर आठ-दहा वेळांनंतर एकदा ती मोहरीच्या रंगाची, चिकट, भयंकर वासाची विष्ठा टाकते. ती हगवण नसते, नेहमीचीच असते. सकाळी मी वही घेऊन परड्यात उकिडवा बसलो आणि खुणा करायला लागलो. कोणत्या कोंबडीची कशी, किती वाजता. शेजारच्या काकींनी कुंपणावरून बघितलं आणि आईला विचारलं, ‘पोरगं बरं हाय न्हवं?’

शनिवारी मी पाटणला जनावरांच्या औषधांच्या दुकानात गेलो आणि पायपरेझिन घेऊन आलो. हे औषध गोलकृमीला लुळं करतं, आतड्याला धरून राहायची त्याची ताकद जाते आणि तो विष्ठेबरोबर बाहेर पडतो. दुपारभर पाणी बंद ठेवून संध्याकाळी औषधाचं पाणी ठेवलं. सोबत अशक्तपणासाठी व्हिटॅमिनचं टॉनिकही आणलं होतं, ते दुसऱ्या दिवसापासून पाण्यात सुरू केलं. रविवारी सकाळी खुराड्यात जंतांचा सडा पडलेला. मी फोटो काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला. एकानं लिहिलं, ‘प्रॉडक्शनमधला बग सापडला.’ मी अंगठा दिला.

त्याच सकाळी आई डाव्या हातानं भिंत धरत परड्यात आली. खुराड्यात वाकून बघितलं.

‘आरं, मोठ्यांचं येगळं आन् पिल्लांचं येगळं हाय. पिल्लांच्यात रगत हाय.’

मी बघितलं. पिल्लांच्या विष्ठेत लालसर शेंब होता. ‘जंतांनी आतडं सोलवटलंय,’ मी म्हणालो. ‘औषध दिलंय आता. दोन दिवसांत थांबेल.’

‘मोठ्यास्नी रगत न्हाई.’

‘मोठ्यांना ताकद असते, आई.’

हे मी कुठेही वाचलेलं नव्हतं. त्या क्षणी तयार केलं आणि बोललो. कामावर असं होतं. एखादा दोष सापडलेला असतो, तो खरा असतो, दुरुस्तीही लागू पडलेली असते. मग जे जे बिघडलेलं दिसतं ते सगळं त्याच दोषाच्या खात्यावर मांडायची घाई होते. माझ्यापुढे जंतांचा पुरावा ढीगभर होता. त्यामुळे पिल्लांच्या रक्ताकडे मी वेगळं म्हणून बघितलंच नाही.

सोमवारी एक पिल्लू मेलं. मंगळवारी दोन. मी खुराडं फिनेलनं धुतलं, गोणपाट बदलला, ताडपत्रीची फट आणखी घट्ट केली, पिल्लांना गारठा लागत असेल म्हणून. बुधवारी आषाढी एकादशी होती. आईचा उपास होता. त्या दिवशी आणखी दोन गेली. आई काही बोलली नाही. तिनं डाव्या हातानं उरलेली चार पिल्लं टोपलीत घेतली आणि स्वतःच्या अंथरुणाजवळ ठेवली.

गुरुवारी सकाळी मी कॅमेरा बंद ठेवून मीटिंगला बसलो होतो. आई मागे येऊन उभी राहिली. हातात पिशवी. त्यात एक मेलेलं पिल्लू, आणि वर्तमानपत्राच्या दोन पुड्या. एका पुडीला दोरा बांधलेला, दुसरीला नाही.

‘दोऱ्याची पिल्लांची. दुसरी मोठ्यांची. डॉक्टरकडं जा.’

मला वाटलं होतं, कोंबड्यांसाठी कोणी डॉक्टरकडे जात नाही. गायी-म्हशींसाठी जातात. पण सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी पिशवी बघून काहीच नवल दाखवलं नाही. त्यांनी आधी लशींचं विचारलं. राणीखेतची लस दिली होती का? उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून आपल्याकडे नाव पडलेल्या या रोगाला इंग्लंडातल्या न्यूकॅसल शहराचंही नाव आहे, आणि आपल्याकडचं जुनं नाव मानमोडी. हिरवट हगवण, धाप, मग मान वाकडी. त्याला औषध नाही, फक्त लस आहे. लस आईनं दिलेली होती. मान वाकडी नव्हती, मोठी कोंबडी एकही मेलेली नव्हती. मग त्यांनी विचारलं,

‘पिल्लं किती दिवसांची?’

‘असतील महिन्याभराची.’

‘नक्की किती?’

मी आईला फोन लावला. ‘वटपौर्णिमेला फुटली न्हवं का,’ ती म्हणाली. ‘मोज की.’

वटपौर्णिमा २१ जूनला होती. त्या दिवशी १८ जुलै. सत्तावीस दिवस.

मॅडम म्हणाल्या, ‘गिळलेल्या अंड्यापासून हा जंत पूर्ण वाढायला, त्यानं स्वतः अंडी घालायला पाच ते आठ आठवडे लागतात. तुमची पिल्लं चार आठवड्यांचीसुद्धा नाहीत. यांच्या पोटात तुम्ही बघितलेला तो जंत कुठून येणार?’

हा आकडा मी वाचला होता. वहीत लिहूनही ठेवला होता. पिल्लांचं वय मात्र मी कुणालाच विचारलं नव्हतं.

त्यांनी पिल्लू उघडलं. कोंबडीच्या आतड्याच्या शेवटी दोन बंद पिशव्या असतात. त्या फुगून गडद लाल झालेल्या होत्या. चीर दिल्यावर आत नुसतं रक्त आणि गुठळ्या. मग त्यांनी दोन्ही पुड्यांतली थोडी थोडी विष्ठा वेगवेगळ्या पेल्यांत मिठाच्या पाण्यात कालवली. मीठ विरघळायचं थांबेल इतकं दाट पाणी. गाळून अरुंद बाटलीत काठोकाठ भरलं आणि वर काच ठेवली. त्या दाट पाण्यात जंतांची अंडी वर तरंगून येतात आणि काचेला चिकटतात. पंधरा-वीस मिनिटांनी ती काच सूक्ष्मदर्शकाखाली.

‘बघा,’ त्या म्हणाल्या.

मोठ्यांच्या काचेवर लांबट गोल, जाड कवचाची, मोठी अंडी दिसली. ती जंतांची. मधूनच त्यांच्या पावपट आकाराचा एखादा गोल ठिपका. पिल्लांच्या काचेवर एकही मोठं अंडं नव्हतं. नुसते ते छोटे गोल. मोजता येणार नाहीत इतके.

‘कॉक्सिडिया. आपण रक्ती हगवण म्हणतो. जंत नाही, एकपेशी जीव आहे. तुमच्या जंताच्या औषधाचा याच्यावर काडीचाही परिणाम होत नाही.’

मग त्यांनी विचारलं, खुराडं कसं आहे. मी सांगितलं. ताडपत्री, गोणपाट, परात. त्या रागावल्या नाहीत. विष्ठेतून पडलेले हे गोल लगेच रोग देत नाहीत, त्यांनी समजावलं. त्यांना आधी ऊब, ओल आणि हवा मिळावी लागते. ती मिळाली की एक-दोन दिवसांत तयार होतात. पिल्लानं एक गिळला तर हजारो बाहेर पडतात, आणि हा सगळा फेरा आठवड्याभरात पुरा होतो. फिनेलला ते दाद देत नाहीत. कोरडेपणाला देतात. परात जमिनीवर असली की पिल्लं त्यात पाय घालतात, हगतात आणि तेच पाणी पितात. मोठ्या कोंबड्यांनी लहानपणापासून थोडं थोडं गिळून ताकद कमावलेली असते, म्हणून त्यांना काही दिसत नाही, पण त्या पसरवत राहतात. तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं सगळ्यात कच्ची.

मी मनात मोजलं. ताडपत्री ६ तारखेला. रक्त १४ तारखेला. आठ दिवस.

पाण्यातून द्यायला अँप्रोलियम लिहून दिलं. ‘आणि काही देताय का?’ त्यांनी विचारलं. मी टॉनिकचं नाव सांगितलं. ‘ते आधी बंद करा. हे औषध बी-१ जीवनसत्त्वासारखं दिसतं. तो जीव फसून त्याऐवजी हेच आत घेतो आणि उपाशी मरतो. तुम्ही वरून बी-१ पाजलंत तर हे औषध काय काम करणार?’ जंतांचं औषध मोठ्यांना तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा द्यायचं, कारण पायपरेझिन वाढलेल्या जंतांवर चालतं, आतड्याच्या अस्तरात असलेल्या बारक्यांवर फारसं नाही. औषध चालू असताना आणि नंतर त्यांनी सांगितलेले दिवस अंडी खायची नाहीत, विकायची नाहीत. जमिनीतली अंडी पूर्ण जाणार नाहीत. परड्यात कोंबड्या आहेत तोवर जंत असणार, ते आटोक्यात ठेवायचे एवढंच. शेवटी म्हणाल्या, ‘पुड्या वेगळ्या कुणी बांधल्या? बहुतेक लोक सगळं एकत्र करून आणतात.’

‘आईनं.’

‘मग त्यांनाच विचारत जा.’

घरी येऊन मी आधी ताडपत्री सोडली. छपराला तिचाच पुढे आलेला पडदा केला आणि बाजू उघड्या ठेवल्या. गोणपाट जाळला. खालची दोन बोटं ओली माती खरवडून काढून टाकली. आईनं चूल पेटवली, डाव्या हातानं, दोन दिवस राख जमवली आणि मी ती पसरली. परळ परत दगडावर. औषधाचं पाणी पाच दिवस. शुक्रवारी आणखी एक पिल्लू मेलं. उरलेली तीन रविवारी स्वतःहून टोपलीबाहेर आली आणि सोप्यात घाण करून ठेवली. आई खाली बसली, चांगली निरखून बघितली. ‘घट्ट हाय,’ म्हणाली.

नवातली सहा गेली. पैशात मोजलं तर फार नाही. माझ्या एका दिवसाच्या पगारात त्यापेक्षा जास्त कोंबड्या येतील. त्या रात्री मी आईला तसं म्हणालोही, की मी दहा पिल्लं विकत आणून देतो. आई भाकरी करत होती, म्हणजे मी पीठ मळत होतो आणि ती सांगत होती. ती म्हणाली, ‘आनशील की. तुला काय.’ तिच्या आवाजात राग नव्हता. पण दिवाळीला त्यातला कोंबडा आणि तलंगा विकून तिला काय घ्यायचं होतं, ते मला आजही माहीत नाही. मी विचारलं असतं तरी तिनं सांगितलं नसतं.

दुसरी गोष्ट मला जास्त बोचत राहिली. शेजारच्या काकी विचारायला आल्या होत्या, पिल्लं कशी गं गेली? मी आत लॅपटॉपवर होतो. आई म्हणाली, ‘रोग आला. पावसाळ्यात येतोच की.’ मी ऐकलं आणि टाइप करत राहिलो. ऑफिसात माझ्या बदलामुळे काही बंद पडलं, तर मी स्वतः उठून सांगतो, लिहून देतो, कोणती ओळ, किती वाजता. त्याचं मला कौतुकही मिळालेलं आहे. इथं बाहेर येऊन ‘मी ताडपत्री बांधली म्हणून गेली’ एवढं एक वाक्य म्हणायचं होतं.

ऑगस्टमध्ये आईचं प्लास्टर निघालं आणि मी पुण्याला आलो. फोनवर आता आम्ही कोंबड्यांविषयी बोलतो. आधी आमचं बोलणं ‘जेवलास का’पासून सुरू होऊन तिथंच संपायचं. तिसऱ्या महिन्याला जंतांच्या औषधाची आठवण मी करून देतो. ती म्हणते, दिलं. मी विचारतो, विष्ठा कशी आहे. ती सांगते. तिन्हीतल्या दोन तलंगा निघाल्या, एक कोंबडा. जानेवारीत पहिल्या तलंगेनं अंडं घातलं, तेव्हा आईनं मुद्दाम फोन केला. अंडं लहान होतं म्हणे, लिंबाएवढं.

२०२५च्या जूनमध्ये पेरणीला मी चार दिवस गावी गेलो. पाऊस लवकर आला होता. सकाळी दात घासत परड्यात उभा होतो, तर शेजारच्या काकी आणि त्यांचा मुलगा त्यांच्या खुराड्याला ताडपत्री बांधत होते. निळीच. गेल्या वर्षी आमच्याकडे बघितलेली.

‘काकी, चारी बाजूंनी बांधू नका,’ मी म्हणालो.

‘का रं? तूच तर बांधली हुतीस.’

आई मागे भांडी घासत होती. राखेनं भांडं घासल्याचा आवाज थांबला.

‘म्हणूनच आमची पिल्लं गेली,’ मी म्हणालो. ‘वारं कोंडलं, ओल राहिली. रोग नव्हता आला. मी आणला.’

काकींनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. मुलाला म्हणाल्या, ‘त्या बाजूची सोड रं.’

मागे भांडं घासल्याचा आवाज परत सुरू झाला.